तालुक्याच्या गावात ओपीडी टाकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी फिजिओथेरपीची ओपीडी आहे. चौदा वर्षं झाली. सावंगी, नागपूरकडून शिकून आलेली मुलं-मुली आता तालुक्याला बसू लागली आहेत. फिजिओ आहेत, एखादी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारी) आहे, स्पीचवाले (बोलायला शिकवणारे) आहेत, एक कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) आणि कृत्रिम पाय बनवणारा आहे. रात्री नऊनंतर त्यांचे फोन येतात. व्यायाम कोणता द्यायचा हे फारसं कोणी विचारत नाही, तेवढं कॉलेजात शिकवलेलं असतं. जे शिकवलेलं नसतं तेच विचारतात, आणि प्रश्न फिरून तेच येतात.

डॉक्टर पेशंट पाठवतात आणि टक्का मागतात. नाही दिला तर पेशंट येणं बंद होतं. काय करायचं?

देऊ नका. एवढं लिहिणं सोपं आहे, म्हणून पुढचंही लिहिते.

माझ्या पहिल्या वर्षी एका दवाखान्याचा कंपाउंडर फटफटीवर आला. हातात छोटी डायरी. म्हणाला, ‘‘साहेबानं सांगतलं, तीस टक्के चालते इथं. हिशेब महिन्याच्या महिन्याले.’’ मी नाही म्हटलं. पुढचे सात महिने तिकडून एक चिठ्ठी आली नाही. गाळ्याचं भाडं नवऱ्याच्या पगारातून जात होतं. ज्यांच्या घरी दुसरा पगार नाही त्यांना मी वरून उपदेश करणार नाही. पण हिशेब मांडून बघा. फी २०० असेल तर ६० रुपये तिकडे गेले. ते भरून काढायला एक तर फी वाढते, नाही तर दहा खेपांच्या चौदा होतात. फी वाढवायला लाज वाटते, म्हणून बहुतेक वेळा खेपाच वाढतात. म्हणजे टक्का पेशंटच देतो, फक्त त्याला ते कळत नाही.

डॉक्टरांच्या आचारसंहितेत, म्हणजे २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत, पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देणं आणि घेणं दोन्हीला मनाई आहे. हे कोणाच्या तोंडावर फेकायची गरज नाही, पण आपल्याला माहीत असावं.

टक्क्याऐवजी मी पत्र देते. दुसऱ्या खेपेनंतर अर्धं पान: काय सापडलं, काय करते आहे, तुमच्याकडे परत कधी पाठवीन. आमच्याकडे डॉक्टरांना असं उलटं पत्र कोणीच पाठवत नाही, त्यामुळे ते लक्षात राहतं. डायरीवाल्या दवाखान्यातून आजही फारसं कोणी येत नाही. दुसऱ्या तिघांकडून येतात. दिवाळीला चिवड्याचा डबा देते-घेते, पाकीट नाही. आशा ताईंनी पेशंट आणला तर चहा आणि खुर्ची. बेल्ट, वॉकर, कॅलिपर विकणाऱ्यांकडून येणारा टक्का हाही टक्काच, हे मात्र सोयीनं विसरलं जातं.

किती सिटिंग सांगायच्या? दहाचं पॅकेज करून पैसे आधी घेतले तर चुकतं का?

हा मला सगळ्यात मोठा प्रश्न वाटतो, टक्क्यापेक्षाही मोठा. टक्का देणाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतं. ‘‘उद्या या’’ म्हणताना आपल्याला काही ठाऊक नसतं.

एक पेशंट डोळ्यांपुढे आणा. साठीचा माणूस, डावी बाजू लकव्यानं गेलेली, गाव २८ किलोमीटर. बायको सोबत येते, कारण एकट्याला एसटीची पायरी चढता येत नाही. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. हा पासष्टीच्या आतला, त्याला पूर्ण. दोघांचं येऊन-जाऊन दीडशेच्या आसपास. स्टँडवरून ऑटो ६०. बायकोची कापसाची वेचणी बुडाली, वेचणी किलोवर असते, दिवसाचे ३०० तरी गेले. माझी फी २००. म्हणजे मी तोंडातून ‘‘उद्या या’’ काढलं की त्या घराचे सातशे रुपये गेले, आणि त्यातले पाचशे माझ्या गल्ल्यात येतही नाहीत. शहरातला थेरपिस्ट फीचा विचार करून थांबतो. इथे खेपेचा विचार करावा लागतो.

म्हणून पहिल्याच दिवशी मी बायकोला कामाला लावते. पलंगावर कुशीवर कसं करायचं, खांद्याला ओढायचं नाही, खुर्चीतून उठवताना आपला टोंगळा (गुडघा) त्याच्या टोंगळ्याला कसा टेकवायचा. तिच्याकडून माझ्यासमोर तीनदा करून घेते. पहिल्या आठवड्यात तीन खेपा, मग आठवड्याला एक, तीही बाजाराच्या दिवशी, म्हणजे तसंही येणं होतंच. लकव्यात पहिले तीन-चार महिने सुधारणा जास्त वेगानं होते, त्या काळात घरी रोज व्यायाम व्हायला हवा. रोज माझ्याकडे यायलाच हवं असं नाही. हे दोन वेगळे वाक्यार्थ आहेत आणि पॅकेजमध्ये ते एक होऊन जातात.

पॅकेज करूच नये असं नाही. पण उरलेल्या सिटिंगचे पैसे न मागता परत द्यायची तयारी असेल तरच करा. मागून परत घ्यायचं आमच्या लोकांना जमत नाही. ते गप्प बसतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

थांबायचं कधी? मी मोजते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत बसायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहिते. लागोपाठ दोन वेळा आकडा हलला नाही की पेशंटला वही दाखवते आणि पुढे काय ते दोघं मिळून ठरवतो.

आणि आता उलट बाजू. खेपा कमी करणं म्हणजे नेहमी चांगुलपणा नसतो. मळणीयंत्रात किंवा कडबा कुट्टीत हात गेलेला, शिरा (आपल्या भाषेत टेंडन) जोडून आलेला तरुण असेल तर मी भांडते. पहिले सहा आठवडे हाताला स्प्लिंट (हात ठरावीक स्थितीत धरणारा आधार) आणि देखरेखीखालची हालचाल, दोन्ही लागतात. लवकर जोर लावला तर जोड तुटतो, हललाच नाही तर चिकटतो. असा एक पोरगा तीन खेपांनंतर आला नाही. सोयाबीन काढायचं होतं. मी फोन केला नाही, वाटलं पैशांची अडचण असेल, उगाच मागे लागल्यासारखं दिसेल. पाच महिन्यांनी मेडिकलच्या दुकानात भेटला, सुटे पैसे डाव्या हातानं मोजत होता. तेव्हापासून हाताचा पेशंट चुकला की दुसऱ्या दिवशी फोन करते, आणि फी नंतर दे म्हणून आधीच सांगते.

‘‘मशीन लावा ना मॅडम.’’ गरज नसताना लावायची का?

‘‘मशीन नाही लावली त मंग पैसे कायचे?’’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. व्यायाम शिकवायला पैसे लागतात हे लोकांना पटत नाही, करंटचे लागतात हे पटतं.

टोंगळ्याच्या झिजेला मांडीचे व्यायाम आणि वजन यांनी फरक पडतो. मशीननं तासभर बरं वाटतं. तेवढंच सांगून दहा मिनिटं शेक दिला तर मी त्याला खोटं म्हणत नाही. ‘‘या मशीननं सांध्यातली गादी भरून येते’’ म्हणणं खोटं. आणि मशीन लावून व्यायाम शिकवायचाच राहिला तर ती फसवणूक, मग पेशंट कितीही खूश होवो. पेसमेकर आहे का, बाई गरोदर आहे का, चमडीला संवेदना आहे का, हे न विचारता लावणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही. तो नीतीचा प्रश्नच नाही, तो अडाणीपणा आहे.

गरिबाला कमी फी आणि नोकरदाराला जास्त, हे बरोबर आहे का?

मी एकच फी लावते आणि भिंतीवर लिहून ठेवते. ज्याला झेपत नाही त्याला कमी करते, पण तो निर्णय माझ्या टेबलावर होतो, बाकावर नाही. कापूस विकला की देतो म्हणणारे बहुतेक देतात. तुरीची डाळ, हरभरा, एकदा तर कोंबडा, हेही घेतलंय. वस्तू घेतली की ती फी म्हणून वहीत लिहा, नाही तर भेट आणि उधारी यांची गल्लत होते आणि मग पेशंटला रविवारी सकाळी सात वाजता दार वाजवायचा हक्क आहे असं वाटतं. चूक त्याची नसते.

‘‘माह्या पोराले चालता येईन का?’’ याला काय उत्तर द्यायचं?

सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेलं, साडेचार वर्षांचं पोर. आजी त्याला पदराच्या झोळीत घेऊन आलेली. आधी दोन शहरं, एक बाबा आणि एक नाव न सांगता येणारं इंजेक्शन झालेलं. पोर मान धरतं, आधार दिला तर बसतं, स्वतःहून कुशीवर वळत नाही. आजीनं मला विचारलं ते हेच.

माझ्या आधीच्या सगळ्यांनी ‘‘करत राहा, होईल’’ म्हटलं होतं. ‘‘होईल’’ म्हटलं की पेशंट येत राहतो. मुद्दाम खोटं बोलतो असं कोणालाच वाटत नाही. आशा देतोय असं वाटतं.

आपल्याला बऱ्यापैकी अंदाज असतो. अशा मुलांच्या हालचालींच्या पाच पातळ्या ठरलेल्या आहेत, आणि साडेचार वर्षांचं मूल कोणत्या पातळीवर आहे त्यावरून ते पुढे आपल्या पायांनी चालेल की चाकाच्या खुर्चीवर, हे बरंचसं कळतं. मी आजीला म्हटलं, ‘‘आई, हा आपल्या पायांनी गावात फिरेल असं मला वाटत नाही. पण नीट बसवता आलं तर हातानं खाईल, शाळेत बसेल. त्यासाठी काम करू.’’ ती बराच वेळ काही बोलली नाही. पोराच्या तोंडावरची लाळ पुसली. मग विचारलं, ‘‘खुर्ची कुठं भेटते?’’

तिला खुर्ची हवी होती, आणि चार वर्षांत ती कोणी सुचवली नव्हती, कारण खुर्ची सुचवणं म्हणजे हार मानणं असं आपल्यालाच वाटतं. सगळ्याच घरी असं होत नाही. दोन घरांनी मला ‘‘या बाईले काही येत नाही’’ म्हणून सोडलं.

अशा मुलांच्या घरच्यांना सांगायच्या आणखी तीन गोष्टी, आपला पेशंट गेला तरी. जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांसाठी सरकारी डीईआयसी (दोष लवकर ओळखून उपचार करणारं) केंद्र असतं, तिथे ही सेवा फुकट असते. खुर्ची, कॅलिपर अशा साहित्यासाठी केंद्राची एडिप योजना आहे. आणि स्टेम सेल (मूळ पेशी) टोचून बरं करतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येतात. शेत गहाण टाकून ते करायला निघालेल्या घराला अडवणं मी माझं काम समजते. तिथे तटस्थ राहायचं नसतं.

गावात सगळे एकमेकांना ओळखतात. पेशंटची गोष्ट गुप्त कशी ठेवायची?

आधी बाक हलवा. माझा गाळा दहा बाय अठराचा, मध्ये पडदा. पडद्याबाहेरच्या बाकावर बसलेल्याला आतलं सगळं ऐकू यायचं. बाक ओट्यावर नेला, पावसाळ्यात वर ताडपत्री. हे करायला मला तीन वर्षं लागली, याची लाज वाटते.

खरा पेच मात्र वेगळाच. पूर्व विदर्भात आणि आमच्याकडच्याही काही समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. त्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा खराब होतो, तरुण वयात. एकोणीस वर्षांची मुलगी खुबा दुखतो म्हणून माझ्याकडे यायची. तिची सोयरीक चालू होती. एक दिवस मानेच्या दुखण्यासाठी मुलाकडचा एक मामा आला आणि शेक घेता घेता म्हणाला, ‘‘ते अमक्याची पोरगी येते म्हंते तुमच्याकडं?’’

‘‘कोण येतं, कोण जातं, मी सांगत नसते.’’ एवढंच म्हटलं. हे वाक्य सगळ्यांसाठी सारखं वापरावं लागतं, ज्यांचं लपवायला काही नाही त्यांच्यासाठीसुद्धा. सरपंचाच्या टाचेबद्दल ‘‘काही नाही हो, साधं आहे’’ सांगितलं आणि या मुलीबद्दल गप्प बसले, तर माझं गप्प बसणंच उत्तर होतं.

पण मग त्या मुलाचं काय? हा प्रश्न मला रात्रभर सुटला नाही. त्याला सांगणं माझ्या हातात नव्हतं. मुलीशी बोलणं होतं. तिला नीट समजावलं: तुला आजार आहे, मुलगा वाहक (स्वतः आजारी नाही, पण दोष पुढे देऊ शकतो असा) निघाला तर प्रत्येक वेळी मूल आजारी होण्याची शक्यता निम्मी, तो वाहक नसेल तर मुलं वाहक होतील, आजारी होणार नाहीत. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, जुलै २०२३ पासून तर केंद्राची त्यासाठी मोहीमच आहे. ती मुलाशी बोलली की नाही मला माहीत नाही, मी विचारलं नाही. लग्न झालं. पत्रिका आली होती.

अपंगत्वाचे टक्के वाढवून द्या, अपघाताच्या क्लेमसाठी जादा सिटिंगची पावती द्या, असं म्हणतात.

टक्के देण्याचा अधिकार आपल्याला नाहीच, तो सरकारी दवाखान्यातल्या ठरवून दिलेल्या मंडळाला आहे. आपण फक्त आपली नोंद देतो: किती अंशात वाकतो, किती चालतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, सिकलसेल त्यात आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात. फसवून लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

३८ वर अडलेला माणूस समोर बसून रडतो तेव्हा मन हलतं. अशा वेळी मी पुन्हा मोजते, आधी काही सुटलं असेल तर लिहिते. सुटलं नसेल तर नाही लिहीत. पावतीचं मात्र सरळ आहे: आला तेवढ्याच. क्लेमच्या प्रकरणात पुढेमागे कोर्टात वही मागतात.

हाडवैद्याकडे जाणाऱ्या पेशंटला काय सांगायचं?

भांडू नका, तो त्याच्या आजोबांपासूनचा माणूस आहे. दोनच गोष्टींवर अडून बसा. लहान मुलाचा कोपर दुखावला असेल तर मालिश अजिबात नको, तिथे स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचा अडकतो. आणि बांबूच्या पट्ट्यांची घट्ट बांधणी केल्यावर बोटं निळी-गार पडली, बधिर झाली, किंवा बोटं सरळ करताना पोर ओरडलं, तर त्याच तासाला सोडायची आणि दवाखान्यात न्यायचं. आमच्या भागातल्या एका हाडवैद्याला मी हे दोन मुद्दे स्वतः जाऊन सांगितले. त्यानं चहा पाजला. आता तो अधूनमधून कोपराची पोरं माझ्याकडे पाठवतो, टक्का न मागता.

बोर्डावर ‘डॉ.’ लिहावं का?

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीहून ‘फिजिओंनी लिहू नका’ असं सरकारी पत्र निघालं आणि लगेच मागेही घेतलं गेलं, त्यावरून काय ते समजा. माझं मत: लिहिलंत तर ‘फिजिओथेरपिस्ट’ हा शब्द तितक्याच मोठ्या अक्षरात लिहा. लोक ‘‘डॉक्टरीन बाई’’ म्हणतातच. प्रश्न उरतो तो त्यांनी बीपीची गोळी विचारली की आपण सांगतो का, हा.

आपली नोंदणी नेमकी कुठे असते?

फिजिओ आणि ऑक्युपेशनलवाल्यांची राज्याच्या परिषदेकडे, २००२ च्या कायद्यानुसार. स्पीच, विशेष शिक्षक, कृत्रिम अवयव बनवणारे यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, तो कायदा १९९२ चा. वर २०२१ चा केंद्राचा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा आलाय. प्रमाणपत्र भिंतीवर लावा. कोणी वाचत नाही, तरी लावा.

पुरुष थेरपिस्टनं बाई पेशंटला एकट्यानं तपासावं का?

नाही. घरचं कोणी नसेल तर मदतनीस बाई हवी. हात कुठे लावणार ते आधी सांगायचं आणि पेशंटलाच विचारायचं, तिच्या सासूला नाही.

मुलाला घरी कोणी त्रास देतं असं थेरपीत कळलं तर?

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर निवड उरतच नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवावंच लागतं, न कळवणं हाच गुन्हा आहे. ‘आधी घरच्यांशी बोलून बघतो’ हे करू नका, करणारा बहुतेक वेळा घरातलाच असतो. स्पीच थेरपिस्टना हे जास्त येतं, कारण बोलायला लागलेलं मूल आधी त्यांच्यापाशीच बोलतं. मदतीसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. पेशंट जाईल, गावात बोलणं होईल, कदाचित गाळामालकही बोलेल. माझ्यावर ही वेळ एकदा आली. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

पेशंटच्या सुधारणेचे व्हिडिओ टाकावेत का?

पेशंट ‘‘टाका ना’’ म्हणतो, कारण नाही म्हणायचा संकोच असतो. मी विचारते, ‘‘तुमच्या व्याह्यानं पाहिलं तर चालेल?’’ निम्मे तिथेच नको म्हणतात.

आपलीच चूक झाली तर सांगायची का?

कंबरदुखीचा शेतकरी, पन्नाशीचा. सहा सिटिंग मी केल्या. रात्री जास्त दुखतं, वजन उतरलंय, संध्याकाळी अंग तापतं, हे तिन्ही त्यानं वेगवेगळ्या दिवशी सांगितलं होतं आणि मी वेगवेगळ्या दिवशीच ऐकलं. मणक्याचा टीबी निघाला. पाठवलं तेव्हा उशीर झाला होता, पण पाय गेले नव्हते. मी त्याच्या घरी गेले आणि म्हटलं, हे मला पहिल्या आठवड्यात कळायला हवं होतं. सहा सिटिंगचे पैसे परत दिले. त्याच्या भावानं घेतले आणि चांगलं सुनावलं. ऐकून घेतलं. त्यानंतर केस पेपरच्या पहिल्या पानावर हे तीन प्रश्न छापून घेतले आहेत, आणि मदतनीस मुलगी मला आठवण करून देते.

हे सगळं पाळून क्लिनिक चालतं का?

चालतं, धावत नाही. दिवसाला बारा ते पंधरा पेशंट, बाजाराच्या दिवशी पंचवीस. वेचणी संपली की फेब्रुवारी-मार्चमध्ये कंबरा आणि खांदे येतात, तेव्हा बरं असतं. जून-जुलैत पेरणी लागली की ओटा रिकामा. त्या दिवसांत मी स्कूटर घेऊन दोन गावांत जाते, एका खेपेत पाच-सहा पेशंट होतात, पेट्रोल माझं. पाऊस जास्त असला की नाला ओलांडता येत नाही, मग फोनवर विचारते. परवा त्या लकव्यावाल्याच्या बायकोनं फोनवर सांगितलं, ते आता पायरी एकटेच चढून रायले, तुमी नका येऊ, चिखल लय आहे.